भिंतीलगतचे वैभव : जुनी कन्सोल टेबले आणि आजचे घर

घराच्या अंतर्गत सजावटीचा विषय निघाला की चर्चा साधारणतः सोफा, पडदे, रंगसंगती आणि दिवे यांच्याभोवतीच फिरते. भिंतीला पाठ लावून उभे असलेले, अरुंद आणि उंच पायांचे एखादे टेबल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रवेशद्वाराजवळ, दोन खिडक्यांमधील जागेत किंवा मोठ्या आरशाखाली ठेवावयाच्या अशा टेबलास ‘कन्सोल टेबल’ म्हणतात. अनेक घरांत ही वस्तू असते, परंतु तिचे हे नाव ठाऊक नसते. ‘आजोबांचे टेबल’, ‘आरशाखालचे टेबल’ किंवा ‘फोनचे टेबल’ अशा घरगुती नावांनीच ती ओळखली जाते.

गेल्या काही वर्षांत या टेबलास पुन्हा मागणी आली आहे. त्याच काळात महानगरांतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास वेगाने होत आहे. घर रिकामे करताना जुने लाकडी सामान भंगाराच्या भावात दिले जाते, आणि काही महिन्यांनी नव्या घरासाठी ‘जुन्या धाटणीचे’ टेबल भरपूर पैसे मोजून विकत आणले जाते. पुष्कळदा ते टेबल जुने नसतेच. एकाच अज्ञानातून कुटुंबाचे असे दुहेरी नुकसान होते. आपल्या घरात काय आहे आणि बाजारात काय मिळते आहे, हे ओळखता आले तर दोन्ही टाळता येते. त्या दृष्टीने या टेबलाचा इतिहास, त्याची पारख, आजच्या घरातील त्याचे स्थान आणि त्याचे खरे मोल यांचा येथे परिचय करून देत आहोत.

नाव कोठून आले?

‘कन्सोल’ हा मूळ फ्रेंच भाषेतील शब्द असून तो वास्तुशिल्पातून फर्निचरमध्ये आला. भिंतीतून पुढे येणाऱ्या भागास खालून आधार देणाऱ्या वळणदार ब्रॅकेटला कन्सोल म्हणत. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या सज्जाखाली जे कोरीव लाकडी आधार दिसतात, त्यांच्याशी याची तुलना करता येईल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये अशाच वळणदार आधारांवर संगमरवरी फळी बसवून टेबले तयार होऊ लागली. त्यांना पुढच्या बाजूस एक किंवा दोन पाय असत आणि मागची बाजू थेट भिंतीत बसविलेली असे. असे टेबल भिंतीपासून सोडवले तर ते उभेही राहू शकत नसे. ते वास्तूचाच एक भाग होते.

त्या काळच्या राजवाड्यांत या टेबलाचे प्रयोजन मुख्यतः शोभेचे होते. परंतु त्यामागे एक व्यावहारिक विचारही होता. दोन उंच खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर मोठा आरसा लावला जाई. त्याखाली कन्सोल टेबल आणि त्यावर मेणबत्त्यांची झाडे ठेवली जात. आरशामुळे मेणबत्त्यांचा प्रकाश द्विगुणित होई. वीज नसलेल्या काळातील ती प्रकाशयोजनाच होती. खिडक्यांमधील जागेसाठी केलेल्या अशा टेबलास इंग्लंडमध्ये ‘पिअर टेबल’ असे नाव पडले.

फर्निचर आणि संपत्ती यांचा संबंध दाखविणारा एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने व्हर्साय येथील राजवाड्यात १६७८ ते १६८४ या काळात प्रसिद्ध आरसेमहाल उभारला. या राजवाड्यात त्याने भरीव चांदीचे फर्निचर मांडले होते. त्यात टेबलेही होती. १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा राजाने हे सारे चांदीचे सामान वितळवून त्याची नाणी पाडण्याचा आदेश दिला. कारागिरांनी अनेक वर्षे खपून घडविलेल्या वस्तूंची किंमत शेवटी केवळ त्यांतील धातूच्या वजनाएवढी ठरली. सोन्याचा वर्ख दिलेल्या कोरीव लाकडाची टेबले मात्र पुढेही बनत राहिली. लाकूड वितळविता येत नसल्यामुळे त्यांवर ती आपत्ती ओढवली नाही, आणि अठराव्या शतकातील कितीतरी टेबले आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

अठराव्या शतकात या टेबलाचे रूप पालटत गेले. पंधराव्या लुईच्या काळात नागमोडी रेषा, शिंपले आणि पानाफुलांची नक्षी यांचा बहर आला. इंग्लंडमध्ये विल्यम केंट (१६८५–१७४८) याने भारदस्त, शिल्पाकृतींनी युक्त टेबले योजिली. त्यानंतर रॉबर्ट ॲडम (१७२८–१७९२) याने प्राचीन रोमन अलंकरणापासून स्फूर्ती घेऊन सडपातळ, सरळ पायांची टेबले रूढ केली. त्यांतील अर्धवर्तुळाकार टेबल विशेष लोकप्रिय झाले. पुढे नेपोलियनच्या काळात महोगनी लाकूड, पितळी अलंकरण आणि टेबलाच्या खालच्या भागात पाठीमागे बसविलेला आरसा अशी पद्धत आली. स्त्रियांना आपल्या झग्याची खालची कड नीट आहे की नाही हे पाहता यावे म्हणून हा आरसा असे, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. वास्तविक प्रकाश परावर्तित करणे आणि खोली प्रशस्त भासविणे हाच त्याचा उद्देश होता.

भारतातील रूपांतर

युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर हे फर्निचर भारतात आले, तेव्हा त्याची गाठ येथील हवामानाशी पडली. दमट हवेत सरस सुटत असे, चिकटविलेले पापुद्रे उचकटत असत आणि वाळवी मऊ लाकूड फस्त करीत असे. साहजिकच येथील सुतारांनी नमुना परदेशी ठेवला तरी साहित्य देशी वापरले. सागवान आणि शिसव ही दोन लाकडे या कामासाठी पुढे आली. सागवानात नैसर्गिक तेलाचा अंश असल्याने ते पाणी व कीड यांना दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील जहाजबांधणी कारागिरांनी सागवानी लाकडात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेली आहे. जे लाकूड दोन शतके समुद्राला पुरून उरले, त्याचे टेबल दिवाणखान्यात किती काळ टिकेल, हे वेगळे सांगावयास नको.

प्रदेशपरत्वे या फर्निचरला निरनिराळे व्यक्तिमत्त्व लाभले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत सागवानावर काळ्या लाकडाचे आणि हस्तिदंताचे जडावकाम होऊ लागले. आंध्रच्या किनाऱ्यावरील विशाखापट्टणम येथे अठराव्या शतकात हस्तिदंती जडावाच्या फर्निचरचे केंद्र विकसित झाले. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडात खोल, जाळीदार कोरीवकाम केलेले फर्निचर तयार होऊ लागले, ते ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने प्रसिद्धीस आले. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील व्यापाऱ्यांनी आपल्या प्रशस्त घरांसाठी ब्रह्मदेशातून सागवान आणले. संस्थानिकांनी तर थेट युरोपातून फर्निचर मागविले. हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालयात, जे १९५१ मध्ये जनतेसाठी खुले झाले, युरोपीय फर्निचरचा मोठा संग्रह आहे. या विषयाची आवड असणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत मुंबईत ‘आर्ट डेको’ शैलीच्या इमारती उभ्या राहू लागल्या. मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान परिसरातील या इमारतींचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या घरांबरोबर गोलाईदार कडा, पायऱ्यापायऱ्यांची रचना आणि साध्या पितळी मुठी असलेले नवे फर्निचर आले. मध्यमवर्गीय कुटुंबांत आज जी जुनी टेबले आढळतात, त्यांतील बरीचशी याच किंवा यानंतरच्या काळातील असतात. शंभर वर्षे वा त्याहून जुन्या वस्तूस ‘अँटिक’ म्हणण्याचा आणि त्याहून अलीकडच्या, पण आपल्या काळाची निश्चित छाप असलेल्या वस्तूस ‘व्हिंटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्या आजोबांचे टेबल बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

पाठीमागची बाजू खरे सांगते

जुन्या टेबलाची पारख करावयाची असेल तर पुढची नक्षी पाहून भुलू नये. टेबल भिंतीपासून पुढे ओढावे, खणाचे तोंड बाहेर काढावे आणि वाकून खालची बाजू पाहावी. कन्सोल टेबल भिंतीला लागून राहत असल्याने जुन्या काळी कारागीर त्याच्या पाठीवर श्रम खर्च करीत नसत. ती बाजू खडबडीत, बिनपॉलिशची आणि काळवंडलेली असावयास हवी. पाठ, पोट आणि दर्शनी भाग सारखेच तुकतुकीत व एकाच रंगाचे असतील, तर ते टेबल नवे असण्याचा किंवा त्याचे पूर्ण नूतनीकरण झालेले असण्याचा संभव अधिक.

पुढील खुणा विशेष उपयुक्त ठरतात.

सांधे : खणाच्या कोपऱ्यांवर पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकविलेले दाते दिसतात. हाताने कापलेले दाते थोडे लहानमोठे असतात. यंत्राने कापलेले सर्व अगदी सारखे असतात. कोपरे केवळ खिळे ठोकून वा स्टेपल मारून जोडलेले असतील तर काम अलीकडचे किंवा हलक्या प्रतीचे समजावे.

करवतीच्या खुणा : हातकरवतीच्या खुणा सरळ आणि कमीअधिक अंतरावर असतात. चक्राकार करवतीच्या खुणा कमानदार उमटतात. अशा करवतींचा वापर एकोणिसाव्या शतकात वाढत गेला.

स्क्रू : जुन्या, हाताने घडविलेल्या स्क्रूच्या डोक्यावरील खाच बरोबर मध्यावर नसते. अधिकचिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकापासून प्रचारात आले. असा एखादा स्क्रू दुरुस्तीचाही असू शकतो. मात्र सर्वच स्क्रू तसे असतील तर शंभर वर्षांच्या दाव्यावर विश्वास ठेवू नये.

लाकडाचे आकुंचन : लाकूड वर्षानुवर्षे वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे जुन्या गोल फळीचा व्यास दोन दिशांनी मोजला असता काही मिलिमीटरचा फरक आढळतो. अर्धवर्तुळाकार टेबलाची खोलीही रुंदीच्या निम्म्याहून किंचित कमी भरते. कोणत्याही बनावट कारागिरास हा फरक सहजासहजी आणता येत नाही.

झीज : पायांची खालची टोके, खणाच्या कडा आणि मुठीभोवतीचा भाग येथे झीज हवी, कारण हात व पाय तेथेच लागतात. जेथे कोणाचाही स्पर्श होण्याचे कारण नाही, तेथे साखळीने मारल्यासारखे ओरखडे असतील तर ते मुद्दाम केलेले असतात.

लाकूड : ‘शीशम’ आणि ‘शिसव’ ही नावे बाजारात सर्रास एकमेकांऐवजी वापरली जातात. वास्तविक उत्तर भारतातील तपकिरी शीशम आणि दक्षिण व पश्चिम भारतातील गडद, जांभळट छटेचे शिसव या दोन भिन्न वृक्षजाती आहेत आणि त्यांच्या किमतींतही अंतर असते. आंब्याच्या लाकडास गडद रंग देऊन तेही जुने म्हणून खपविले जाते. न दिसणाऱ्या जागी थोडे खरवडून पाहिले तर आतील फिकट लाकूड लगेच उघडे पडते.

आरसा : टेबलाबरोबर जुना आरसा असल्यास तो काळजीपूर्वक हाताळावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आरशाच्या पाठीस कथील व पारा यांचा लेप देत असत. असा लेप घरी खरवडू नये, कारण पारा विषारी आहे.

खरेदी कोठे व कशी?

आपल्या देशात जुन्या फर्निचरचे काही प्रसिद्ध बाजार आहेत. मुंबईतील चोरबाजाराचा मटन स्ट्रीट, पुण्यातील जुना बाजार, दिल्लीतील अमर कॉलनी, कोलकात्याच्या रसेल स्ट्रीटवरील लिलावाची परंपरा, कोचीतील मट्टनचेरीचा ज्यू टाउन परिसर आणि तमिळनाडूतील कारैकुडी ही त्यांतील ठळक नावे. राजस्थानातील जोधपूर येथे जुन्या धाटणीचे नवे फर्निचर मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि निर्यातही होते. ‘नवे आहे, पण जुन्या नमुन्यावर बेतलेले आहे’ असे सांगून विकलेली वस्तू घेण्यात काहीही गैर नाही. किंमत मात्र त्या सांगण्याशी सुसंगत हवी.

खरेदी करताना दुकानातील दिव्यांच्या प्रकाशावर विसंबू नये. शक्य असल्यास वस्तू दिवसाच्या उजेडात पाहावी. विक्रेता जे तोंडाने सांगतो, म्हणजे लाकडाची जात, अंदाजे काळ आणि झालेल्या दुरुस्त्या, ते सर्व पावतीवर लिहून मागावे. लिहून देण्यास जो कचरतो, त्याच्या शब्दास किती वजन द्यावयाचे, हे सुज्ञ ग्राहक जाणतोच. किंमत ठरविताना वाहतूक, दुरुस्ती, पॉलिश आणि वाळवीप्रतिबंधक उपाय यांचा खर्चही मिळवावा. स्वस्तात मिळालेले टेबल या खर्चांमुळे नव्या टेबलाहून महाग पडल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

कायद्याची चौकट

पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून कमी नसलेली कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ‘पुराणवस्तू’ ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. परदेशस्थ मुलांना आजोळचे टेबल पाठविण्याचा विचार असेल, तर ती वस्तू पुराणवस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावे लागते. शिसव ज्या वनस्पतिगटात मोडतो, त्या संपूर्ण गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून ‘सायटिस’ या कराराखाली नियंत्रण आहे, हेही लक्षात ठेवावे.

हस्तिदंताचा प्रश्न याहून गंभीर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे, मग ते टेबलावरील बारीकसे जडावकाम का असेना. जडाव हाडाचा, प्लास्टिकचा की हस्तिदंताचा, हे निश्चित ठाऊक नसेल तर अशी वस्तू खरेदी करण्याचा मोह टाळणेच श्रेयस्कर.

आजच्या घरातील स्थान

राजवाड्यासाठी जन्मलेले हे टेबल आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत कसे सामावणार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्याच्या मूळ रचनेतच आहे. भिंतीला टेकून राहावयाचे असल्याने ते अरुंद असते. त्याची खोली साधारणतः १२ ते १६ इंच आणि उंची ३० ते ३३ इंच असते. जेवणाचे मोठे टेबल किंवा जुना पलंग ज्या घरात मावत नाही, तेथेही कन्सोल टेबल सहज मावते. म्हणूनच जुन्या घरातून एकच वस्तू नव्या घरी न्यावयाची असेल, तर या टेबलाचा विचार सर्वप्रथम व्हावा.

जागा निवडताना आधी मोजमाप घ्यावे. जाण्यायेण्याच्या वाटेवर टेबल ठेवल्यानंतर निदान अडीच ते तीन फूट मोकळी जागा उरली पाहिजे. दरवाजा पूर्ण उघडतो की नाही, तेही पाहावे. प्रवेशद्वाराजवळ ठेवल्यास किल्ल्या, टपाल, चष्मा यांसाठी ते उपयोगी पडते. खण असल्यास पावत्या व बिले एका जागी राहतात. दिवाणखान्यात सोफ्याच्या पाठीमागे, जेवणाच्या जागेत वाढपाची भांडी ठेवण्यासाठी, किंवा शयनगृहात आरशाखाली प्रसाधनासाठीही त्याचा उपयोग होतो. खालची मोकळी जागा टोपल्या वा बैठी स्टुले ठेवण्यास कामी येते.

टेबलावर आरसा वा चित्र लावावयाचे असल्यास त्याची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या सुमारे दोन तृतीयांश ठेवावी आणि ते टेबलापासून सहा ते आठ इंच वर टांगावे. आरशासमोर एखादा दिवा ठेवला तर तीन शतकांपूर्वीची ती प्रकाशयोजना अंधाऱ्या प्रवेशमार्गासही उजळून टाकते. त्यावर मांडावयाच्या वस्तू तीन-चारांहून अधिक नसाव्यात. पितळी समई, घंगाळ, तांब्या किंवा एखादी फुलदाणी एवढेही पुरेसे असते. कोरीव, गडद टेबलामागची भिंत फिकट ठेवावी, म्हणजे नक्षी उठून दिसते. संपूर्ण खोली जुन्या वस्तूंनी भरण्याची आवश्यकता नाही. साध्या, आधुनिक फर्निचरमध्ये असे एकच टेबल अधिक शोभते.

निगा आणि स्थलांतर

जुन्या टेबलांवर बहुधा फ्रेंच पॉलिश असते. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे थर कापडाच्या बोळ्याने चढवून हे पॉलिश करतात. ही लाख मुख्यतः झारखंड व त्यालगतच्या प्रदेशात तयार होते. या पॉलिशला उष्णता व अल्कोहोल सोसत नाही. गरम कप ठेवल्यास पांढरे वर्तुळ उमटते आणि अत्तर किंवा सॅनिटायझर सांडल्यास ते विरघळते. रोज कोरड्या मऊ कापडाने पुसणे आणि वर्षातून एक-दोनदा मेणाचा पातळ हात देणे एवढी निगा त्यास पुरते.

येथे एक सूचना आग्रहपूर्वक कराविशी वाटते. टेबल मळकट दिसते म्हणून ते तासून, घासून त्यावर चकचकीत नवे पॉलिश चढविण्याची घाई करू नये. अनेक वर्षांच्या वापराने लाकडावर जो खोल रंग व तुळतुळीतपणा येतो, तो एकदा रंध्याखाली गेला की पुन्हा आणता येत नाही. वस्तूचे वय सांगणारा तो एक दर्शनी पुरावा असतो, आणि जाणकार खरेदीदार त्याचेच मोल देतो. डुगडुगणारा पाय, सुटलेला सांधा, निघालेला पापुद्रा यांची दुरुस्ती अनुभवी सुताराकडून जरूर करून घ्यावी. सांधा सुटला म्हणून खिळा ठोकू नये; जुना सरस काढून पुन्हा सरसानेच तो जोडावा. टेबलाखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजून त्वरित उपाय करावा. पावसाळ्यात पाठ आणि भिंत यांच्यात बोटभर अंतर ठेवावे, म्हणजे ओल लाकडात उतरत नाही.

बँकेच्या कर्मचाऱ्यांना आणि बदलीची नोकरी असणाऱ्या ग्राहकांना स्थलांतराचा प्रश्न वारंवार पडतो. कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत रुळलेले लाकूड दिल्ली वा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गेले की आकसते आणि फळीस चीर पडू शकते. म्हणून नव्या ठिकाणी पहिला उन्हाळा टेबल थेट ऊन, कूलर आणि वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर ठेवावे. संगमरवरी फळी असल्यास ती वेगळी काढून काचेप्रमाणे उभी न्यावी. आडवी नेल्यास ती आपल्याच वजनाने मध्ये तडकते. खण काढून वेगळे बांधावेत आणि टेबल उचलताना वरच्या फळीला न धरता खालच्या चौकटीला धरावे.

मोल, विमा आणि विवेक

जुन्या फर्निचरकडे ‘गुंतवणूक’ म्हणून पाहावे काय, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. ठेव, रोखे किंवा सोने यांना निश्चित बाजारभाव असतो. टेबलास तसा भाव नसतो. त्यावर व्याज मिळत नाही, ते हवे तेव्हा विकले जाईल याची शाश्वती नसते, आणि विकताना दलाली व वाहतूक यांत रक्कम घटते. तेव्हा केवळ भाव वाढेल या आशेने, आणि त्यातही कर्ज काढून, अशी खरेदी करू नये. चांगल्या सागवानी टेबलाचा खरा परतावा म्हणजे त्याचा दीर्घकाळ होणारा उपयोग. पन्नास-साठ वर्षे वापरात राहिलेले टेबल आणखी तितकीच वर्षे सेवा देऊ शकते. भुशाच्या दाबीव फळ्यांचे टेबल एकदा पाणी लागून फुगले की टाकूनच द्यावे लागते.

मात्र जे आहे त्याचे संरक्षण करणे हे व्यवहारज्ञान होय. गृहकर्जाबरोबर घेतलेल्या विम्यात केवळ वास्तूचेच संरक्षण असू शकते. त्यात घरातील सामान अंतर्भूत आहे की नाही, हे पॉलिसी वाचून तपासावे. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा योजनेत वास्तूच्या विम्याबरोबर सर्वसाधारण घरगुती सामानास वास्तूच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. दागिने, दुर्मिळ व कलात्मक वस्तू यांसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. अशा वस्तूंची एकूण विमारक्कम ५ लाख रुपयांपर्यंत आणि एका वस्तूची १ लाख रुपयांपर्यंत असल्यास मूल्यांकन प्रमाणपत्राची अट नसते. त्यापुढे ते आवश्यक ठरते. टेबलाची सर्व बाजूंनी छायाचित्रे, मोजमाप आणि पावती यांची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवल्यास दाव्याच्या वेळी उपयोग होतो.

विक्रीच्या बाबतीतही एक बारकावा ध्यानी घ्यावा. स्वतःच्या वापरातील सामान्य फर्निचर प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता गणले जात नाही. परंतु एखादी वस्तू ‘कलाकृती’ ठरली तर तिच्या विक्रीवरील नफा करपात्र होऊ शकतो. मौल्यवान टेबल विकण्यापूर्वी करसल्लागाराचे मत घेणे हिताचे.

घर बदलण्याचा प्रसंग आला आणि भंगारवाला दाराशी उभा राहिला, तर निर्णय घेण्यापूर्वी घरातील जुने टेबल एकदा भिंतीपासून पुढे ओढून त्याची पाठ अवश्य पाहावी. तेथे हातकरवतीच्या खुणा आणि हाताने कापलेले सांधे दिसले, तर निदान एका जाणकार सुताराचे व एका मूल्यांककाचे मत घेतल्याशिवाय ते देऊ नये. त्यानंतर ते विकावे, नातलगांस द्यावे की नव्या घरी न्यावे, हा निर्णय ज्याचा त्याचा. परंतु तो निर्णय वस्तूचे मोल जाणून घेतलेला असेल. चौदाव्या लुईच्या चांदीच्या टेबलांची किंमत वजनावर ठरली, कारण राजास त्या क्षणी धातू हवा होता. आपल्या घरातील सागवानी वा शिसवी टेबलाचा हिशेब मात्र किलोच्या काट्यावर होऊ देण्याची गरज नाही.